टोपीवाल्याची गोष्ट

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आम्हा डॉक्टर मंडळींचे लेख साधारणतः दोन प्रकारचे असतात. एक प्रवासवर्णन, आणि दुसरा 'मधुमेह आणि आपण' या जातीचा आरोग्यविषयक उपदेश. दोन्ही प्रकार मी या पानांवर हाताळून झाले आहेत आणि वाचकांनी ते मोठ्या सोशिकपणे सहन केले आहेत. यंदाचा लेख या दोहोंत बसत नाही. लहानपणी परदेशात पाहिलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग मला हवा होता. त्याचे नाव ठाऊक नव्हते, वर्ष ठाऊक नव्हते, आणि जे आठवत होते त्यातले किती खरे याचीही खात्री नव्हती. त्या शोधाची ही हकिगत आहे.

एप्रिल २०२० ची गोष्ट. टाळेबंदीमुळे दवाखाना दिवसातून दोन तास, तोही अत्यवस्थ बालकांपुरता. संध्याकाळी पुण्याहून माझ्या मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल येई. वयाने चव्वेचाळीस, एका मुलाची आई, अक्षरजुळणीच्या कामात मुरलेली. तरी घरात तिला अजून सगळे बेबीच म्हणतात. बेबी जन्मतः कर्णबधिर. तिचे यजमानही तसेच. फोनवर चित्र दिसू लागले तेव्हा आपल्याला ती एक चैन वाटली, पण बेबीच्या घरात खऱ्या अर्थाने टेलिफोन आला तो त्याच दिवशी.

त्या संध्याकाळी तिने दोन्ही हातांनी कपाळावर टोपीची कड ओढल्यासारखे केले, मग बोटांनी घोड्याची दौड दाखवली, आणि भुवया उंचावून विचारले, "दादा, टोपीवाल्याची गोष्ट. शेवटी काय झालं?"

मला क्षणभर उमगेना. मग उमगले आणि पोटात कसेसेच झाले. ती गोष्ट मी तिला १९८० साली सांगायला घेतली होती आणि अर्ध्यावर सोडली होती. चाळीस वर्षे ती शेवटासाठी थांबली होती, आणि तो शेवट मला आठवत नव्हता.

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माझे वडील बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाले आणि १९७५ साली पुढील प्रशिक्षणासाठी आम्हा दोघांना घेऊन अमेरिकेत ओहायो राज्यात गेले. मी पाच वर्षांचा होतो. बाबांना रेसिडेंट म्हणून जो पगार मिळे त्यात घरभाडे आणि बर्फातले बूट भागत. दूरचित्रवाणी संच आला तोही एका परतणाऱ्या मद्रासी कुटुंबाकडून, जुना आणि काळापांढरा. शाळेतून आल्यावर आई दूध आणि चिवडा देई, आणि मी त्या संचापुढे बैठक मारी. दुपारच्या वेळी स्थानिक केंद्रे जुन्या मालिका पुन्हा दाखवत. त्यांत सर्वांत जास्त भरणा वेस्टर्नचा, म्हणजे घोडे, पिस्तुले, धुळीने भरलेला रस्ता आणि रुंद कडांच्या टोप्या. सोमवारी रात्री आठ वाजता मात्र सारे कुटुंब मिळून 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' पाहत असू. ती आईला आवडे, कारण तिच्यात गोळीबार कमी आणि शिवणटिपण जास्त.

१९८० च्या उन्हाळ्यात आम्ही बडोद्याला परतलो. दांडिया बाजारातल्या आजोळच्या वाड्यात मावस-मामे भावंडे मिळून आम्ही नऊ. घरात संच नव्हता. त्यामुळे रात्री गच्चीवर अंथरुणे पडली की मीच दूरचित्रवाणी होत असे. अमेरिकेहून आलेल्या दहा वर्षांच्या पोराची ऐट काय वर्णावी! मी काय सांगतो ते तपासून पाहण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. पण श्रोत्यांत एक अडचण होती. चार वर्षांची बेबी सगळ्यांत पुढे येऊन बसे आणि तिला एक अक्षर ऐकू येत नसे. मग मी गोष्टी हातांनी सांगू लागलो. वेस्टर्न हा प्रकार त्यासाठी जणू घडवलेलाच आहे. टोपी, घोडा, पिस्तूल, धूळ, दार ढकलून आत येणारा दांडगा; यात न बोलता सांगता येणार नाही असे फारसे काही नसतेच. हळूहळू बेबी स्वतः टोपी ओढून दाखवू लागली. तिची पहिली खूण ती.

तिची सर्वांत आवडती गोष्ट अर्थातच जिच्यात तिच्यासारखी मुलगी होती ती. दूर रानातल्या लाकडी घरात एक मुलगी बापाबरोबर राहते. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. टोपीवाला एक तरुण घोड्यावरून येतो आणि तिला हातांनी बोलायला शिकवतो. मी ही गोष्ट रोज थोडी थोडी सांगत असे, कारण लहान मुलांना झोपवण्याची ती एकच युक्ती मला ठाऊक होती.

आता बेबीच्या निदानाविषयी. मावशीला तिसऱ्या महिन्यात दोन दिवस ताप आणि अंगावर बारीक पुरळ आले होते. रुबेलाचा दाट संशय मला पुढे एम.डी. करताना आला, तेव्हा कोणाच्याच मनात तो आला नाही. मूल दीड वर्षाचे झाले तरी हाकेला वळेना. मावशीने दाखवले, तेव्हा "वाट पाहा" असा सल्ला मिळाला. मुलीचे वडीलही उशिराच बोलले होते असे सासरच्यांनी सांगितले. शेजारच्या काकी रोज धीर देत, "बोलशे, बेन, मोडुं बोलशे." असे करता करता साडेचार वर्षे गेली. अखेर तपासणी झाली आणि दोन्ही कान जवळजवळ पूर्ण निकामी असल्याचे कळले. श्रवणयंत्र आले, आणि त्याबरोबर एक सक्त ताकीद आली. हातवारे बंद. हातांची सवय लागली तर ओठ हलणार नाहीत.

मावशी दुष्ट नव्हती. मुलीला वाचा फुटावी यासाठी ती काहीही करायला तयार होती, आणि तिला जे सांगितले गेले ते तिने केले. बेबीला ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लावी. मला जिन्यात गाठून म्हणाली, "तू मोठा ना? शहाणा ना? मग तिच्यासमोर हात हलवू नकोस." मी शहाणा होतो. दुसऱ्या रात्री गच्चीवर मी गोष्ट तोंडाने सांगितली. बेबी माझ्या हातांकडे पाहत राहिली, मग उठून आजीजवळ जाऊन झोपली.

म्हणून २०२० मध्ये तिने शेवट विचारला तेव्हा "आठवत नाही गं" म्हणून मला सुटता येईना.

मी शोधाला लागलो, आणि सवयीप्रमाणे आधी हिस्टरी घेतली, स्वतःचीच. लक्षणे अशी: चित्र काळेपांढरे. मुलगी सोनेरी केसांची. शिकवणारा तरुण हसरा. पण विचित्र असे की आठवणीत तो कधी पोरसवदा दिसे, कधी पोक्त बाप दिसे, आणि एकदोनदा तर त्याला दोन वेण्या असत. याशिवाय एक प्रसंग मला अतिशय स्पष्ट आठवत होता. अर्ध्या अंधाऱ्या खोलीत कोणी वाद्याची पेटी वाजवत आहे, मुलीने तिच्या लाकडावर तळहात सपाट ठेवला आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत आहे. बाकी सारे पुसट झाले तरी हा हात पुसला गेला नव्हता. शेवट हाच असावा असे माझे मत होते.

काळेपांढरे हे मुख्य लक्षण धरून मी रंगीत मालिका बाजूला काढल्या आणि पहिली चूक तेथेच केली. 'गनस्मोक' तपासायला घेतली. १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षे चाललेल्या या मालिकेचे ६३५ भाग आहेत, आणि १९६६ पर्यंत ती काळीपांढरी होती. तिच्यातल्या गावच्या डॉक्टरचे नाव गेलन अ‍ॅडम्स, म्हणजे थेट ग्रीक वैद्य गेलनच्या नावाचा. ती भूमिका करणाऱ्या मिलबर्न स्टोनला १९६८ साली एमी पारितोषिक मिळाले. सारांश वाचता वाचता मी या डॉक्टरचा चाहता झालो. गोळी काढायची, बाळंतपण करायचे, पैसे मिळाले तर घ्यायचे. आपल्याकडचे जुने फॅमिली डॉक्टर याहून वेगळे नव्हते. पण माझी मुलगी तेथे सापडली नाही. 'रायफलमन' पाहिली, 'वॅगन ट्रेन' पाहिली. मे महिना संपला.

मग एक निराळाच धागा हाती आला, आणि तो बालरोगशास्त्रातून आला. २०१३ साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक गमतीदार पण अभ्यासपूर्ण निबंध आला होता. 'लिटल हाउस' ज्या पुस्तकांवर बेतली त्यांच्या लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर. त्यांची थोरली बहीण मेरी हिची दृष्टी १८७९ साली, चौदाव्या वर्षी गेली. पुस्तकात आणि मालिकेत दोष स्कार्लेट फीव्हरला दिला आहे. निबंधकारांनी लॉराची पत्रे, आठवणी आणि त्या वेळची स्थानिक वृत्तपत्रे धुंडाळून असा निष्कर्ष काढला की मेरीला बहुधा विषाणुजन्य मेंदूज्वर झाला असावा. तो निबंध मी तेव्हा कौतुकाने वाचला होता. आता तो आठवला आणि वाटले, अंध मुलीची कथा सांगणारी मालिका बहिऱ्या मुलालाही विसरली नसेल. मालिकेची यादी काढली. १९८० च्या आरंभी दाखवलेला एक भाग सापडला: 'सायलेंट प्रॉमिसेस'. लॉरा एका कर्णबधिर मुलाला हातांची भाषा शिकवते आणि तो तिच्या प्रेमात पडतो.

लॉराच्या दोन वेण्या होत्या! मी आनंदाने बेबीला कळवले. तिने भाग पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मान हलवली. "ही नाही. तुझ्या गोष्टीत मुलगी बहिरी होती. मुलगा टोपीवाला. तू मला फसवतोस."

रुग्णाची तक्रार खोडून काढण्याची एक वाईट सवय आम्हा डॉक्टरांना असते. मी तिला पटवू लागलो, की लहानपणी मी मुलग्याची मुलगी केली असेन, तुझ्यासाठी. ती ठाम राहिली. आणि येथे मला १९९९ च्या पावसाळ्याची आठवण झाली, जी मी सहसा कोणाला सांगत नाही.

तेव्हा मी नुकताच दवाखाना थाटला होता. पादऱ्याकडची एक बाई नऊ महिन्यांचा मुलगा घेऊन आली. "सायेब, आ सांभळतो नथी एवुं लागे छे." मी मुलाच्या मागे उभा राहून टाळी वाजवली. मूल वळले. पुन्हा वाजवली, पुन्हा वळले. मी तिला हसून निरोप दिला. पावणेदोन वर्षांनी ती परत आली, मूल एक शब्द बोलत नव्हते. बेरा चाचणीत दोन्ही कानांत तीव्र बधिरत्व निघाले. टाळीने हवेचा झोत येतो, सावली हलते, मांडीवर धरलेली आई नकळत दचकते. मूल त्यातल्या कशालाही वळू शकते. ती बाई मला काहीच बोलली नाही. तिने पहिल्या भेटीचा कागद पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'हिअरिंग नॉर्मल'. ज्याच्या घरात बेबी वाढली होती त्याच्या अक्षरात.

तो कागद ती विसरून गेली की मुद्दाम ठेवून गेली मला माहीत नाही. तो माझ्या खणात आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये, योशिनागा-इतानो यांचा 'पेडियाट्रिक्स'मधला सुप्रसिद्ध अभ्यास प्रकाशित झाला होता. सहा महिन्यांच्या आत बधिरत्व ओळखून उपाय सुरू झालेल्या मुलांची भाषा त्यानंतर ओळखलेल्यांपेक्षा ठळकपणे सरस असते, हे त्यात दाखवले होते. आता एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार हे सूत्र आम्ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. हजार जिवंत जन्मांमागे एक ते तीन बाळांना जन्मतः लक्षणीय बधिरत्व असते. ओ.ए.ई. चाचणी झोपलेल्या बाळाच्या कानात इवलासा बूच बसवून काही मिनिटांत होते. आपल्या मंडळाच्या बिगर-डॉक्टर सभासदांना एवढीच विनंती, की घरात नातवंड आले तर बारशाच्या याद्या करताना ही चाचणी झाली का ते विचारावे, आणि कोणी टाळी वाजवून समाधान करू लागला तर ऐकू नये. रुबेलाविषयीही एक वाक्य. गोवर-रुबेलाची एकत्रित लस देण्याची देशव्यापी मोहीम २०१७ साली सुरू झाली. मावशीच्या वेळी ती असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

असो. बेबी म्हणते तेच खरे मानून मी पुन्हा आरंभापासून निघालो. काळेपांढरे हे लक्षण कशावरून? माझ्या आठवणीवरून. आणि आमचा संच कोणता होता? काळापांढरा. त्या संचावर इंद्रधनुष्यही करडेच दिसले असते! पंचवीस वर्षे लोकांना निदान करून देणाऱ्या माणसाला हे कळायला दीड महिना लागला, याची नोंद स्मरणिकेत राहिलेली बरी.

रंगीत मालिका परत आत घेतल्यावर 'बोनान्झा' समोर आली. नेव्हाडातल्या व्हर्जिनिया सिटीजवळ, १८६० च्या दशकात, कार्टराइट नावाचा बाप आणि त्याचे तीन मुलगे यांचे विस्तीर्ण कुरण. १२ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालेली ही मालिका पहिल्यापासून रंगीत होती, आणि त्यामागे धंद्याचे सरळ गणित होते. ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीची मालक कंपनी आरसीए रंगीत संच बनवत असे; संच खपायचे तर रंगीत काहीतरी पाहायला हवे. जानेवारी १९७३ पर्यंत तिचे ४३० हून अधिक भाग झाले. दुसऱ्या पर्वाच्या यादीत १९६० च्या डिसेंबरातला एक भाग होता: 'सायलेंट थंडर', मूक गडगडाट. धाकटा भाऊ लिटल जो अ‍ॅनी नावाच्या कर्णबधिर मुलीला हातांची भाषा शिकवतो. ती त्याच्या मायेला प्रेम समजते. अ‍ॅनीच्या भूमिकेत सोनेरी केसांची स्टेला स्टीव्हन्स.

आणि लिटल जो झाला होता मायकेल लँडन. तोच लँडन पुढे 'लिटल हाउस'मध्ये लॉराचा बाप चार्ल्स इंगल्स. १९६० साली तो चोवीस वर्षांचा, १९८० साली त्रेचाळिसाचा. आठवणीतला शिकवणारा कधी पोरसवदा आणि कधी पोक्त का दिसे याचा उलगडा झाला. दुपारच्या पुनःप्रक्षेपणातला जो आणि सोमवार रात्रीचा चार्ल्स एकच माणूस. दोन्हीकडे हातांची भाषा, दोन्ही नावांत 'सायलेंट', आणि मध्ये लॉराच्या वेण्या. माझ्या डोक्याने दोन्ही एकाच बरणीत घालून मुरवले होते. लँडन १९९१ साली चोपन्नाव्या वर्षी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. मी आता त्याच्याहून एका वर्षाने मोठा आहे.

दिग्दर्शकाचे नाव वाचून डॉक्टर वाचकांना मौज वाटेल. रॉबर्ट ऑल्टमन, ज्याने पुढे १९७० मध्ये कोरियन युद्धातल्या लष्करी शल्यविशारदांवरचा 'मॅश' काढला.

या भागाच्या निमित्ताने जे वाचले त्यातले एक सांगितल्यावाचून राहवत नाही. गोष्ट घडते त्या काळात अमेरिकेत हातांनी शिकवणे ही नवलाची बाब नव्हती. हार्टफर्डची कर्णबधिरांची शाळा १८१७ पासून तसेच शिकवत होती, आणि वॉशिंग्टनच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर लिंकनने १८६४ मध्ये, ऐन यादवी युद्धात, सही केली होती. मग सप्टेंबर १८८० मध्ये मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि मुलांना केवळ वाणीनेच शिकवावे असा ठराव झाला. मत देणारे जवळजवळ सारे ऐकू येणारे होते. शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली आणि चोरून, वसतिगृहांत, जेवणाच्या सुट्टीत जगत राहिली. मावशीने बेबीचे हात मांडीखाली दाबले ते बरोबर शंभर वर्षांनी, १८८० नंतर १९८० मध्ये. मिलानच्या एका सभागृहात उचललेले हात दांडिया बाजारातल्या ओसरीपर्यंत पोहोचले होते. १९६० साली, म्हणजे लिटल जो पडद्यावर अ‍ॅनीला शिकवत होता त्याच वर्षी, विल्यम स्टोको या इंग्रजीच्या प्राध्यापकाने हातांची भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे हे दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने मिलानचे ठराव अधिकृतपणे नाकारले आणि त्यांच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाली.

श्रवणयंत्र, कॉक्लिअर रोपण, वाचोपचार यांचे महत्त्व मी कमी लेखतो असे कोणी समजू नये. मी रोज मुलांना त्यासाठी पाठवतो. पण कान उघडेपर्यंत हातांना कुलूप लावायचे, हे शास्त्र नव्हते. मूल भाषेवाचून राहिलेला काळ परत मिळत नाही. बेबी बोलायला शिकली ती घरच्यांनाच समजेल इतपत. खरी भाषा तिला मिळाली सोळाव्या वर्षी, पुण्यात, इतर कर्णबधिर मुलींच्या संगतीत, आणि मग तिने मागे वळून पाहिले नाही. आमच्यात तिच्याइतके वाचणारे आणि तिच्याइतके तोडून बोलणारे दुसरे कोणी नाही.

'बोनान्झा'च्या तबकड्या मागवल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये पुण्याला तिच्याकडे गेलो. तिचे यजमान, मुलगा, बेबी आणि मी असे जेवण उरकून बसलो. मुलगा ऐकू येणारा, इंजिनिअरिंगला आहे; आईला काही अडले की तो दुभाष्या. पहिल्या दहा मिनिटांत बेबीने निकाल दिला, "नटी ऐकणारी आहे. लगेच कळतं." मग यजमानांशी अमेरिकन मुळाक्षरांची चर्चा झाली, ती एका हाताची, आपली दोन हातांची. लिटल जोच्या खुणा पाहून तिने माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "तुझ्यासारखाच. सावकाश. डॉक्टरांच्या अक्षरासारखा."

शेवट आला. जो तिच्याशी लग्न करत नाही हे सांगायला भाग पाहण्याची गरज नव्हती. कार्टराइटांच्या घरात बाई टिकत नसे, बाप स्वतः तीन वेळा विधुर. पडदा अंधारला. मी भीतभीत बेबीकडे पाहिले. चाळीस वर्षांचे कर्ज फिटले होते आणि रक्कम अगदीच किरकोळ निघाली होती. तिने खांदे उडवले. "वाटलंच होतं मला."

पण माझी चुटपुट निराळी होती. पेटीचा प्रसंग आलाच नाही. 'सायलेंट प्रॉमिसेस'मध्ये तो नव्हता, येथेही नव्हता. मी म्हटले, पुनःप्रक्षेपणात जाहिरातींसाठी दृश्ये कापत असत, कदाचित या प्रतीतही काही कापले असेल. किंवा तिसरीच एखादी मालिका असेल, ती शोधावी लागेल. आणि मी दाखवले: अंधारी खोली, पेटी, लाकडावर सपाट ठेवलेला तळहात.

बेबी माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग तिने मुलाला बाजूला केले, कारण तिला दुभाष्या नको होता.

"ते टीव्हीत नव्हतं," ती म्हणाली. "ती मी आहे. आजीची पेटी. माजघरात. हात हलवायला बंदी केली, तेव्हा तू पेटी काढलीस. तू भाता मारत होतास. तुला वाजवता येत नव्हतं. सगळे सूर एकदम दाबायचास."

मला तो भाता आठवला. डाव्या हाताला लागणारा, जड, मागच्या बाजूने थोडा फाटलेला. ओहायोतल्या कोणत्याही पेटीला तसा भाता नव्हता. मी इतकी वर्षे ६३५ भागांत ती खोली धुंडाळत होतो.

"पेटी कुठे आहे आता?" तिने विचारले.

"माझ्याकडेच. माळ्यावर. उंदरांनी भाता खाल्लाय."

"दुरुस्त करून घे," बेबी म्हणाली. "मी दिवाळीला येते."